भिंतीतला धूर

प्रिय शैला,

बरेच महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव. माझा गुडघा ठीक, आईचं बीपी आटोक्यात, बाकी सगळे मजेत. आता नीट ऐक, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. आम्ही खालची बंद फायरप्लेस उघडली, आणि धूर माडीवर निघाला. आपल्या खोलीत, कपाटामागच्या भिंतीतून.

तिथे लाकडावरचा स्टोव्ह बसवायचा आहे, म्हणून दादांनी बुजवलेलं तोंड मोकळं करायला घेतलं. बाहेरचा बोर्ड आधी तपासून घेतला. जुन्या बोर्डांत ॲस्बेस्टॉस असतं आणि फोडताना त्याचे तंतू फुप्फुसात जातात. सुदैवाने आपला साधाच निघाला. मग गवंड्याने वरचा भार कशावर पेललाय ते शोधलं आणि वीट न् वीट सुटी करून काढली. आतून काय काय पडलं म्हणतेस! काजळी, चुन्याचे पोपडे, काटक्यांची घरटी. दादांनी बुजवताना हवेला एक भोकही ठेवलं नव्हतं, त्यामुळे आतली ओल आतच राहिली आणि जुनी काजळी घेऊन भिंतीवर उतरली. ज्या तपकिरी डागावरून तू मला भुताच्या गोष्टी सांगायचीस ना, तो हा. तुझं भूत मी झाडूने भरून बाहेर टाकलं.

त्यानंतर धुराची चाचणी. आधी चिमणी जरा गरम केली, मग खाली धुराची कांडी पेटवून खालचं आणि वरचं तोंड बंद केलं, आणि आम्ही खोल्याखोल्यांतून बघत फिरलो. मी सरळ माडीवर गेले. कपाट ओढलं. धूर येत होता गं. बारीक, पण येत होता. मी तिथेच बसून रडले.

आठवतंय ना तुला ती रात्र? खाली आग धुमसत होती आणि इथे दोघींची डोकी ठणकत होती, तू उलटी केलीस, मला उठून उभं राहता येईना. सकाळी सगळे म्हणाले, पोरींनी जागरण केलं, काहीतरी खाल्लं. आई आजही तेच म्हणते. काजळीतलं आम्ल चिमणीच्या आतला चुना वर्षानुवर्षं खात जातं, सांधे पोकळ होतात. आणि रात्रभर धुमसत ठेवलेल्या लाकडांतून कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. त्याला ना वास ना रंग. नुसता धूर आला असता तर आपण खोकून उठलो असतो. आणि दादा? ते एक शब्द बोलले नाहीत, पण आठवड्याच्या आत त्यांनी ते तोंड बुजवलं. त्यांचा आपल्यावर विश्वास बसला होता, शैला. मला तरी आता तसंच वाटतं.

आता घरात वाद चाललाय. गवंडी म्हणतो, माडीवरची भेग भरली की झालं. ह्यांनाही थंडीच्या आत स्टोव्ह पेटलेला हवाय. मी म्हणते, एक भेग दिसली, न दिसणाऱ्या किती? शिवाय चिमणीच्या भिंतीत कुठे लाकडी तुळईचं टोक घुसलेलं असलं तर? सतत तापत राहिलेलं लाकूड हळूहळू कमी उष्णतेलाही पेट घ्यायला लागतं. मला वरपासून खालपर्यंत स्टेनलेस स्टीलचा लायनर हवाय, म्हणजे चिमणीच्या आत सोडायची नळी, लाकडासाठीची दुहेरी पत्र्याची, १५० मिलिमीटर व्यासाची, आणि भोवती व्हर्मिक्युलाइट, म्हणजे उष्णता रोखणारे हलक्या खनिजाचे दाणे, भरलेले. जुन्या रुंद चिमणीत स्टोव्हचा धूर रेंगाळून थंड होतो, त्याचं डांबर भिंतींना बसतं, आणि पुढे तेच डांबर पेटतं. खर्च दुप्पट होईल. होऊ दे. त्या खोलीत आता मीनूची मुलं झोपतात. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म मी आणूनही ठेवलेत, एक खाली, एक माडीवर.

तू म्हणशील, काचेआडची आग ती काय आग! आपलं जुनं भांडण. पण अगं, उघड्या आगीची बहुतेक ऊब चिमणीतूनच निघून जाते. उष्णतेचा अभ्यास करणाऱ्या काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ मध्ये यावर निबंध लिहून चिमणीचा गळा अरुंद करायला सांगितलं होतं. चांगला स्टोव्ह तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त ऊब खोलीत देतो. फक्त लाकूड सुकं हवं, ओलावा २० टक्क्यांच्या आत. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. तेव्हा येताना ‘आग दिसली पाहिजे’ हे भाषण घेऊन येऊ नकोस.

तुझी बदली झाली का? निखिलचा निकाल काय लागला? नव्या घराचे फोटो पाठव, आणि त्या सासूबाईंच्या खोलीचं काय ठरलं तेही लिही.

आणि एक नीट आठवून सांग. तू त्या रात्री पाणी प्यायला खाली गेली होतीस. दादांनी झोपताना चिमणीची झडप लावली होती का? लावली असेल तर गॅस आत का कोंडला ते कळतं. उघडी असेल, तर चिमणी वरूनच कुठेतरी तुंबलेली होती, आणि मग लायनर सोडण्याआधी मला तिच्यात शेंड्यापासून कॅमेरा सोडायला लावावा लागेल. लायनरवाला सोमवारी येतोय. त्याच्या आत फोन कर, पत्राची वाट बघणार नाही.

तुझी,
वसू