बाबा, मला 'अ‍ॅज वी स्पीक' जास्त आवडतो

टोकियो

ती. आई व बाबा,

शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी पडली आहे, पण घरात हीटर आहे आणि मी वेळेवर जेवते. आई, हे आधीच लिहिलं म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. बाकीचं फोनवर होतंच. गाण्यांचं मात्र राहून जातं, म्हणून हे पत्र मुख्यतः बाबांसाठी.

बाबा, तुमच्या सांगण्यावरून 'धिस मोमेंट' पुन्हा सलग ऐकला. जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या 'शक्ती' या बँडचा स्टुडिओतला अल्बम १९७७ नंतर थेट २०२३ मध्ये आला, त्यामुळे तुमचा त्यावर इतका जीव का, ते मला कळतं. 'मोहनम' सुरू झालं की आपला भूप समोर येतो, आणि शंकर महादेवन वरच्या स्वरांवर जातात तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. पण मॅक्लॉफ्लिन यांच्या गिटार-सिंथचा (सिंथेसायझरला जोडलेल्या गिटारचा) थर काही जागी फार गुळगुळीत होतो. तबला आणि सेल्वागणेश यांचा खंजिरा त्याखाली दबल्यासारखा वाटतो. 'शक्ती'च्या पहिल्या, मैफिलीत ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बमची धार मला इथे सापडली नाही. तुम्हाला हे आवडणार नाही, पण मनापासून लिहिते आहे.

त्याच वर्षीचा 'अ‍ॅज वी स्पीक' मला जास्त मोठा वाटतो. बेला फ्लेक यांचा बँजो, एडगर मेयर यांचा डबल बास, राकेश चौरसियांची बासरी आणि झाकीरभाईंचा तबला. बँजोचा स्वर छेडला की लगेच विरतो, बासरीला तोच स्वर हवा तेवढा धरता येतो. दोघं एकच ओळ मिळून वाजवतात तेव्हा सुरुवात बँजोची आणि लांबत जाणारी आस बासरीची, असा एक तिसराच आवाज तयार होतो. मेयर गज लावतात तिथे बास गायला लागतो. आणि झाकीरभाई! हेडफोन लावून फक्त बायाँ, म्हणजे डग्गा, ऐका. मनगट सरकवून काढलेली ती घुमारी बासच्या स्वराला उत्तर देत राहते. एवढा मोठा वादक इतक्या वेळा नुसता ठेका धरून बाकीच्यांना जागा करून देतो, हे मला कुठल्याही तयारीपेक्षा मोलाचं वाटतं. ४ फेब्रुवारी २०२४ ला दोन्ही अल्बमना ग्रॅमी मिळालं, झाकीरभाईंना त्या एका रात्रीत तीन. त्याच वर्षी १५ डिसेंबरला ते गेले. तेव्हा फोनवर तुमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी तिथे असायला हवं होतं.

आता आईच्या काळजीबद्दल. मी रात्री एकटी बसते ती जागा म्हणजे जॅझ ऐकायचा कॅफे. ही इथली जुनी रीत आहे आणि ती नीट समजावून सांगितल्याशिवाय कुणाला खरी वाटत नाही. बाहेरून येणाऱ्या रेकॉर्डी सामान्य माणसाला परवडत नसत, घरात मोठे स्पीकर ठेवायला जागा नसे. म्हणून लोक कॅफेत जाऊन ऐकत. योकोहामात असा एक कॅफे १९३३ साली सुरू झाला होता. कॉफी मागवायची आणि गप्प बसायचं. मी जाते तिथे बोलायची परवानगीच नाही. एकमेकांकडे तोंड करून नाही, सगळे स्पीकरकडे तोंड करून बसतात. मालक रेकॉर्ड लावतो, तिचं कव्हर सगळ्यांना दिसेल असं उभं ठेवतो आणि बाजू संपेपर्यंत कुणी हलत नाही. दाद नाही, मान डोलावणंसुद्धा बेताचं. सुरुवातीला मला गुदमरायला व्हायचं, समेवर 'वा' ओठांपर्यंत यायची. आता तेच आवडतं. तेव्हा आई, तिथे मुलीच्या जातीला काही धोका नाही. कुणी माझ्याशी बोलतसुद्धा नाही.

तिथेच जपानी संगीतकार रियुइची साकामोतो यांचा '१२' हा अल्बम पूर्ण ऐकला. २०२३ च्या १७ जानेवारीला, त्यांच्या ७१ व्या वाढदिवशी, तो आला आणि मार्चमध्ये ते गेले. कर्करोगाशी झगडताना केलेलं हे काम. रचनांना नावं नाहीत, नुसत्या तारखा आहेत. पियानोच्या स्वरांमध्ये त्यांचा श्वास ऐकू येतो, जड आणि अडखळता. तो पुसून टाकता आला असता, पण त्यांनी राहू दिला. या काही वर्षांत ऐकलेल्यांपैकी हा अल्बम मला सगळ्यात जवळचा आहे. बाबा, तुम्ही मात्र डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर, मन हलकं असेल तेव्हाच ऐका.

पाकिस्तानी-अमेरिकन गायिका अरूज आफताबचा 'नाइट रेन' (Night Reign, २०२४) आईला आवडेल. त्यातल्या 'ना गुल'चे शब्द हैदराबादच्या उर्दू कवयित्री माह लका बाई चंदा यांचे आहेत. आवाज मखमली आहे, घाई कुठेच नाही. उत्तरार्धात लय जरा एकसुरी होते, एवढीच तक्रार.

ऑपरेशनचे पैसे दादाच्या खात्यावर पाठवले आहेत. परत करायची भाषा नको. माझी ओढाताण होत नाही, अल्बमांवर उधळते असंही समजू नका, बहुतेक सगळं मी कॅफेतच ऐकते. सुट्टीचा अर्ज केला होता, ऑपरेशनच्या आठवड्यात मिळत नाही म्हणाले. पुन्हा विचारणार आहे. मामीनं आणलेल्या स्थळाशी मी व्हिडिओ कॉलवर बोलेन, पण आई, तू अजून होकार कळवू नकोस. मुलगा चांगलाच असेल, मला नुसता फोटो पाहून ठरवायचं नाही. लग्नानंतर इथेच राहणार की परत येणार, हे त्यांनी विचारलं तर सांग की माझं अजून ठरलेलं नाही. तुम्हा दोघांना काय ऐकायचं आहे ते मला माहीत आहे. थोडा वेळ द्या.

डॉक्टरांनी तारीख दिली की त्याच दिवशी कळवा, रात्र असली तरी चालेल.

तुमची,
चिऊ