‘डाकघर’चा शेवट मुलांना परत द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या एका इंटरनॅशनल शाळेत सातवीच्या मुलांनी नुकतंच रवींद्रनाथ टागोरांचं ‘डाकघर’ केलं, त्याबद्दल लिहितेय. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न त्या एका शाळेचा नाहीच, मुलांच्या काळजीपोटी आपण पालक काय काय काढून टाकायला लागलोय त्याचा आहे. माझा मुलगा त्यात पहारेकरी होता, त्यामुळे तालमीत काय चाललंय, काय ठरलं आणि शेवटच्या आठवड्यात काय बदललं हे सगळं घरात रोज ऐकत होते.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमल नावाचा एक आजारी मुलगा, माधव दत्ताने त्याला दत्तक घेतलंय. कविराज म्हणजे वैद्य सांगतात की शरदातलं ऊन आणि वारा दोन्ही वाईट, पोराला अजिबात बाहेर सोडायचं नाही, दारं-खिडक्या लावून घ्या. मग तो दिवसभर रस्त्याकडच्या खिडकीशी बसतो आणि जो जाईल त्याला हाक मारून थांबवतो. दहीवाला थांबतो, त्याच्या पांचमुडा डोंगराखालच्या, शामली नदीकाठच्या गावाबद्दल अमल इतकं विचारतो की दही विकण्यात एवढा आनंद असतो हे तुझ्याकडून कळलं असं म्हणून तो जातो. मग पहारेकरी, फुलं वेचणारी सुधा, गावातली पोरं, फकिराच्या वेषातले ठाकुरदा म्हणजे आजोबा. समोर राजाचं नवीन पोस्ट ऑफिस झालंय हे कळल्यापासून अमलला एकच ध्यास, आपल्याला राजाचं पत्र येणार. गावचा मोरल म्हणजे मुखिया त्याची चेष्टा करायला कोरा कागद देतो, घे तुझ्या राजाचं पत्र म्हणून, आणि ठाकुरदा तो कोरा कागद हातात घेऊन शांतपणे सांगतात की हो, राजाने लिहिलंय, तो स्वतः येतोय. आणि मग खरंच दार फोडून राजदूत येतो, मागोमाग राजाचे वैद्य येतात आणि म्हणतात सगळी दारं-खिडक्या उघडा, दिवा विझवा, ताऱ्यांचा उजेड आत येऊ दे. अमलला झोप लागते. सुधा फुलं घेऊन येते, तो कधी उठेल विचारते, आणि सुधा तुला विसरली नाही एवढं त्याच्या कानात सांगा म्हणते. नाटक संपतं.

शाळेत जे झालं ते असं नव्हतं. रंगीत तालमीच्या आधी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की शेवटी मुलगा मरतो म्हणे, एवढ्या लहान मुलांना हे कशाला, ॲन्युअल प्रॉडक्शन आहे, काहीतरी पॉझिटिव्ह नको का. त्याला धडाधड अंगठे आले आणि दोन दिवसांत शेवट बदलला. राजवैद्य औषध देतात, अमल टुणकन उठतो, मागच्या एलईडी स्क्रीनवर डोंगर येतो आणि सगळे मिळून दहीवाल्याच्या गावी नाचत जातात. वेळ वाचवायला कोऱ्या कागदाचा प्रसंगही कापला. सुधाचं शेवटचं वाक्य गेलं, कारण अमल उठून नाचत असताना ते बोलायचं कुठे आणि कोणाला?

ड्रामाच्या सरांनी मुलांकडून इतकी छान तयारी करून घेतली होती. नाटक इंग्रजीत होतं पण दहीवाल्याची आरोळी मुलांनी आपणहून मराठीत घेतली, तो मुलगा खांद्यावर कावड कशी तोलायची हे शिकायला आजोबांच्या मागे लागला होता, खिडकीची चौकट मुलांनी स्वतः ठोकली. आमच्या घरी एक भांडं आणि लाकडी चमचा घेऊन पहारेकऱ्याची घंटा सुरू असायची. वेळ कुठे जाते असं अमल विचारतो, ते कोणालाच माहीत नाही असं पहारेकरी सांगतो, त्या जागी किती थांबायचं यावर पोरांचे वाद झाले, ब्रेकमध्ये, बसमध्ये. बारा वर्षांची मुलं हे आपसात बोलत होती आणि आपण मोठे ग्रुपवर ठरवत होतो की त्यांना झेपणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे अमल मेला असं नाटकात एकही पात्र म्हणत नाही. तो झोपलाय म्हणतात, राजा येऊन हाक मारेल तेव्हा उठेल म्हणतात. त्या झोपेला काय समजायचं ते लेखकाने बघणाऱ्यावर सोडलंय आणि तेही ज्या माणसाने सोडलंय त्याला मूल जाणं म्हणजे काय हे माहीत होतं. १९०२ मध्ये बायको गेली, पुढच्याच वर्षी मुलगी रेणुका, आणि १९०७ मध्ये धाकटा शमींद्रनाथ कॉलऱ्याने. ‘डाकघर’ १९११ चं. एवढं सोसलेल्या माणसाने शेवटी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या, एकालाही धाय मोकलून रडायला लावलं नाही, हे मला तरी फार मोठं वाटतं, आणि त्याला आपण निगेटिव्ह म्हणतोय? १९१७ च्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसचं अधिवेशन होतं तेव्हा जोडासाँकोच्या टागोरांच्या वाड्यात याचा प्रयोग झाला, रवींद्रनाथ स्वतः ठाकुरदा झाले होते आणि बघायला गांधीजी, ॲनी बेझंट, मालवीय आणि आपले लोकमान्य टिळक बसले होते.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते पोलंडमधल्या वॉर्सॉच्या प्रयोगाबद्दल, कारण तोही मुलांनीच केलेला होता. यानुश कोर्चाक हे पोलिश ज्यू डॉक्टर आणि शिक्षक, मुलांचे हक्क हा विषय त्यांनी आयुष्यभर लावून धरला. नाझींनी ज्यूंना वॉर्सॉच्या घेटोत, म्हणजे भिंत घालून बंद केलेल्या वस्तीत, कोंडलं तेव्हा त्यांचा अनाथाश्रमही आत हलवावा लागला. बाहेर जायला बंदी, खायला नाही, टायफसची साथ. तिथे १८ जुलै १९४२ ला आश्रमातल्या मुलांनी ‘डाकघर’ केलं, पोलिश भाषेत, आश्रमातल्याच एस्टर्का विनोग्रोन नावाच्या तरुण मुलीने ते बसवलं. मुलांना मरणाची भीती वाटू नये, ते शांतपणे स्वीकारता यावं म्हणून डॉक्टरांनी हे नाटक निवडलं असं सांगितलं जातं. चार दिवसांनी, २२ जुलैला, घेटोतून लोकांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत न्यायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आश्रमाची पाळी आली. डॉक्टरांना सुटायची संधी देऊ करणारे लोक होते, त्यांनी नाही म्हटलं आणि दोनशेच्या आसपास मुलांबरोबर ते स्वतः गाडीत चढले. कोणी परत आलं नाही.

त्या मुलांना अमल उठून नाचतो असा शेवट दाखवला असता तर तो त्यांच्या काय कामाचा होता? आपल्या मुलांची परिस्थिती तशी नाही, देव करो आणि कोणाचीच न होवो, पण म्हणून त्यांना काही माहीतच नाही असं थोडंच आहे. आज सातवीत असलेली मुलं २०२० मध्ये पहिली-दुसरीत होती. जवळजवळ दोन वर्षं शाळा नाही, खाली सोसायटीत खेळायला बंदी, बाल्कनीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या मित्राला हात करायचा. घराघरातून आजी-आजोबा, काही घरातून आई किंवा बाबा दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत, शेवटचं बघताही आलं नाही. डॉक्टर म्हणतात म्हणून आत बस, हे अमलचं दुखणं आपल्यापेक्षा या मुलांना जास्त कळतं. दहीवाल्याला हाक मारणारा तो मुलगा त्यांना लगेच आपला वाटला तो काय उगाच? तालमीत एका मुलीने सांगितलं की तिच्या आजीलाही असं कोणीतरी कानात सांगायला हवं होतं. हे मला माझ्या मुलाने सांगितलं आणि नेमकं तेच वाक्य आपण कापून टाकलं.

मुलांना वाईट वाटू नये हे ठीक आहे, मी पण आई आहे. पण वाईट वाटणं आणि नुकसान होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना. आपल्याकडे ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये आलं, तेव्हापासून किती पिढ्यांनी ते सात-आठ वर्षांचं असताना वाचलं किंवा आईच्या तोंडून ऐकलं, त्यात आई जाते, आणि घरोघरी मुलं हमसून रडली. शेवट बदलून द्या असं कोणी सानेगुरुजींच्या पुस्तकाबद्दल म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. रडून झाल्यावर तीच मुलं आईच्या जास्त जवळ जाऊन झोपली असतील.

कायद्याने बदल करायला काही अडचण नाही हे मला माहीत आहे, टागोरांच्या लेखनावरचा विश्वभारतीचा कॉपीराइट २००१ अखेर संपला, आता कोणीही काहीही करू शकतं. कोणाला नवीन नाटक लिहायचं असेल, आजारी मुलगा बरा होऊन डोंगरावर जातो असं, तर जरूर लिहावं, मुलं तेही आवडीने करतील. पण मग पत्रिकेवर त्याला ‘डाकघर’ आणि खाली रवींद्रनाथांचं नाव कशासाठी? प्रेक्षागृहातल्या कितीतरी मुलांनी हे नाटक पहिल्यांदाच बघितलं आणि त्यांच्या डोक्यात आता तोच शेवट टागोरांचा म्हणून राहणार. इंटरनॅशनल शाळांमध्ये दरवर्षी शेक्सपिअर होतो, तिथे रोमिओ-ज्युलिएट शेवटी लग्न करून सुखाने नांदतात असं कोणी करेल का? मग आपल्या देशातल्या लेखकालाच ही वागणूक का?

काही पालक म्हणतील की झालं गेलं, आता कशाला. तर झालं गेलं नाहीये. हेच नाटक जानेवारीत शाळा आंतरशालेय महोत्सवाला नेतेय. आणि मुलांनी, कोणीही न सांगता, प्रिन्सिपल मॅडमना अर्ज दिलाय की आम्हाला मूळ शेवट करायचाय, कोऱ्या कागदाचा प्रसंग परत घ्या, वेळ कमी पडत असेल तर शेवटचा डान्स काढा. सगळ्या कलाकारांच्या सह्या आहेत, बॅकस्टेजच्या मुलांच्यासुद्धा. अजून उत्तर आलेलं नाही कारण पालकांची हरकत आहे असं सांगितलं जातंय.

तर या पत्रातून त्या पालकांना विनंती आहे की हरकत घ्यायच्या आधी नाटक एकदा वाचा, तासाभरात वाचून होतं. तरी नको वाटलं तर शाळेने एक तालीम पालकांसमोर मूळ शेवटासकट ठेवावी, नंतर मुलांनाच समोर बसवून विचारावं आणि मग ठरवावं. ज्या एखाद्या मुलाला खरंच त्रास होतोय, घरात नुकतंच काही घडलंय, त्याला मोकळीक द्या, त्याच्याशी बोला, शाळेत काउन्सेलर असतात ते त्यासाठीच. एकासाठी सगळ्यांचा शेवट बदलू नका. आणि मॅडमनी मुलांच्या अर्जाला निदान लेखी उत्तर द्यावं, होकार असो की नकार, कारणासकट. जानेवारीच्या प्रयोगाला अजून वेळ आहे, संवाद मुलांचे पाठच आहेत.

आपली,
एक पालक
बाणेर, पुणे