वेटिंग रूमला हात लावू नका

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण, तुमचं मंडळ ज्या बंद पडलेल्या स्टेशनाचं कलाकेंद्र करतंय त्याचे तू पाठवलेले फोटो, त्यातही चौथा. बाकीचे दहाही पाहिले. गळकं छप्पर, कबुतरं, फलाटाच्या फटीतून उगवलेलं रोपटं, सगळं बघून झालं. पण तिकीट खिडकीचा तो फोटो मोठा करून करून पाहत बसलो. खिडकीखालच्या दगडी फळीला मधोमध बशीएवढा उथळ खळगा पडलाय. वर्षानुवर्षं सुटे पैसे आणि तिकिटं इकडून तिकडे सरकत राहिली, त्याने पडलेला. आणि त्या फोटोखाली तू लिहिलंयस, 'झिजलेली फळी. बदलायची.' अरे बाबा, त्या अख्ख्या इमारतीत लोकांनी स्वतःच्या हातांनी घडवलेली एवढी एकच गोष्ट आहे. ती बदलू नका. एवढं ऐकलंस तर पुढचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

(पण वाचशील, मला माहीत आहे.)

तू विचारतोस, स्टेशनाचं कलाकेंद्र याआधी कुणी केलंय का. पुष्कळांनी केलंय. सगळ्यात गाजलेलं पॅरिसचं ओर्से. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी व्हिक्टर लालू या आर्किटेक्टने ते स्टेशन बांधलं. गाड्या पहिल्यापासून विजेवरच्या, म्हणजे धूर नाही, काजळी नाही; म्हणून छताला नक्षीचे चौकोन बसवायची चैन त्याला परवडली. आयफेल टॉवरला लोखंड लागलं सुमारे ७,३०० टन, आणि या स्टेशनाला १२,००० टन धातू. तो बाहेरून दगडाने असा झाकलाय की नदीपलीकडच्या लूव्र राजवाड्याच्या शेजाराला उणेपणा येऊ नये. त्या वेळी एदुआर देताय नावाच्या चित्रकाराने थट्टा केली होती की, हे स्टेशन कलामंदिरासारखं दिसतंय आणि कलामंदिर स्टेशनासारखं, तर वेळ आहे तोवर अदलाबदल करून टाका. थट्टा खरी व्हायला ८६ वर्षं लागली. मधल्या काळात गाड्या लांब झाल्या, फलाट आखूड पडले, १९३९ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे येईनाशा झाल्या. पुढे ते पाडून हॉटेल बांधायचं घाटत होतं. १९७३ मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव लागलं म्हणून वाचलं, आणि १९८६ मध्ये त्याचं म्युझियम झालं. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन तेवढं नशीबवान नव्हतं. १९६३ मध्ये ते पाडायला घेतलं, तेव्हा कुठे लोक खडबडून जागे झाले आणि दोन वर्षांनी शहराने जुन्या वास्तू वाचवण्याचा कायदा केला.

ओर्से मी पाहिलंय. वरच्या मजल्यावरच्या त्या प्रचंड काचेच्या घड्याळामागे उभं राहून, उलट्या फिरणाऱ्या काट्यांमधून नदी बघताना मलाही भरून आलं, खोटं का बोलू. पण एक सांगतो. तिथे शिरताना रांग, तपासणी, तिकीट. आत गेल्यावर माणूस चित्रं बघतो, पाय दुखेपर्यंत बघतो आणि बाहेर पडतो. स्टेशन वाचलं, स्टेशनातला रिकामटेकडा माणूस मात्र गेला. तुम्हाला म्युझियम करायचं नाहीये ना? मग ओर्सेचे फोटो मंडळाच्या बैठकीत फिरवू नकोस. लोक छत बघतील, हरखून जातील आणि सगळा निधी छताच्या रंगात जाईल.

त्यापेक्षा स्लोव्हाकियातल्या झिलिना गावाचं उदाहरण दे. तिथलं झारियेचिए नावाचं छोटं स्टेशन २००३ पासून कलाकेंद्र म्हणून चालतंय, आणि गंमत म्हणजे गाड्या अजूनही थांबतात. एका दाराने प्रवासी, दुसऱ्या दाराने नाटकवाले. खरं तर दारंही एकच. जागा कमी पडायला लागली तेव्हा २००९ मध्ये त्यांनी शेजारच्या उड्डाणपुलाखाली आणखी एक नाट्यगृह उभारलं, तेही बिअरचे रिकामे क्रेट आणि पेंढ्याच्या गासड्या रचून. पुलाचं छप्पर फुकटात. मी तिथे गेलेलो नाही, पण तुझ्या कामाचा माणूस तिथेच भेटेल असं मला वाटतं.

आता माझ्या धंद्याचं. आयुष्य साऊंडच्या खोक्यांमागे गेलं, त्यामुळे कुठल्याही जागेत शिरलो की आधी टाळी वाजवून बघतो. स्टेशनाच्या हॉलमध्ये ही टाळी वाजवशील तेव्हा कळेल. दगड, काच, लोखंड, फरशी. आवाज शोषून घेणारं काहीच नाही. टाळी संपते आणि हॉल ती बराच वेळ चघळत बसतो. गाडीची घोषणा आपल्याला कधी धड कळली नाही, त्यात बिचाऱ्या घोषणा करणाऱ्याचा निम्माच दोष होता.

एकदा अशाच एका जुन्या हॉलमध्ये लहान मुलांच्या नाटकाला मी साऊंड दिला होता. कुठे ते सांगत नाही. आयोजकांना आधी म्हटलं होतं, पडदे लावा, सतरंज्या टाका. ते म्हणाले, हॉलची शोभा जाईल. पहिल्या प्रवेशात एक मुलगी दीड पानाचं भाषण म्हणते. तिने ते घरी आरशासमोर घोटून घोटून तयार केलं होतं. तिसऱ्या वाक्याला पहिलं वाक्य छतावरून परत आलं आणि दोन्ही एकमेकांत कालवली गेली. मी काय केलं असेल? आणखी दोन स्पीकर लावले. म्हणजे आगीत तेल. शेवटी मुलीने भाषण तोडून मधेच माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून आठवते. त्यानंतर मी कधीही घुमणाऱ्या जागेत आवाज वाढवून प्रश्न सोडवायला गेलो नाही.

घुमणाऱ्या आवाजाच्या या विषयाचा आद्यपुरुष वॉलेस सॅबिन, अमेरिकेतला भौतिकशास्त्रज्ञ. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना, म्हणून त्याला तपास करायला सांगितलं. तिथे आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. म्हणजे वक्त्याचं पुढचं वाक्य संपत आलं तरी मागचं अजून हवेतच. हा गडी रात्री जवळच्या नाट्यगृहातून खुर्च्यांच्या उशा उचलून आणायचा, हॉलमध्ये थोड्याथोड्या मांडून ऑर्गनच्या नळीचा आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचा, आणि सकाळ व्हायच्या आत उशा परत नेऊन ठेवायचा. त्यातून सूत्र निघालं: जागेचं घनफळ जितकं जास्त आणि शोषणारा पृष्ठभाग जितका कमी, तितका आवाज रेंगाळणार. आजही आम्ही त्यावरच चालतो. तुमच्या स्टेशनात घनफळ भरपूर आणि उशी एकही नाही.

म्हणून माझं ऐक. मोठ्या हॉलमध्ये बोलकं नाटक करूच नका. तिथे समूहगान होऊ दे, बासरी होऊ दे, नाच, प्रदर्शन, मुलांचा गोंधळ होऊ दे. घुमणं हा त्या हॉलचा स्वभाव आहे, त्याला शोभेल तेच त्याला द्या. बोलण्याचे कार्यक्रम पार्सल ऑफिसात. तुझ्या सातव्या फोटोत दिसतंय, छत बुटकं आहे, लाकडी फडताळं आहेत, ती काढू नका. कपाटं आणि पुस्तकं आवाज छान मोडतात. बक्कळ पैसा असता तर गोष्ट वेगळी. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत झूलियो प्रेस्तेस स्टेशनाच्या पोटात १९९९ मध्ये संगीतगृह केलं, सुमारे १,५०० खुर्च्यांचं. छताचे भाग वर-खाली करता येतात, म्हणजे कार्यक्रम बघून हॉल लहान-मोठा करायचा. शेजारून गाड्या जातात, त्यांची थरथर आत येऊ नये म्हणून जमिनीचाही बंदोबस्त केलाय. तुम्ही जाड पडदे घ्या, मागेपुढे सरकणारे. तेच तुमचं साओ पाउलो.

फलाटाबद्दल तुझी कल्पना झकास आहे. रूळ काढलेल्या खाचेत प्रेक्षक, फलाटावर नट. रंगमंचाची उंची आयती मिळते. फक्त तीन गोष्टी. ती खाच म्हणजे अख्ख्या आवारातली सगळ्यात खोल जागा, पाणी तिथेच उतरणार. खुर्च्यांआधी निचऱ्याची सोय बघा. खडीखालच्या मातीत जन्मभराचं तेल-ग्रीस मुरलेलं असतं, तिची तपासणी करून घ्या, मगच मुलांना तिथे बसवा. आणि रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांचे बाक करायचा मोह कुणा कलाकाराला होईलच, त्याला आवर. ते लाकूड क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात भिजवलेलं असतं, ते अंगाला लागणं चांगलं नाही. उन्हात तापलं की वासानेच कळेल. जुना रंग खरवडायच्या आधीही तो शिशाचा आहे का ते बघा. छपराचं म्हणशील तर कौलं-काचा राहू देत, आधी पन्हळी साफ करा. अशा इमारती पन्हळीत अडकलेल्या पाचोळ्याने मरतात.

घड्याळ. तू लिहितोस, मंडळात दोन तट पडलेत: बंदच ठेवायचं की चालू करायचं. शेवटची गाडी सुटली त्या वेळेवर काटे लावून ठेवायचे ही कल्पना ज्याची असेल त्याला माझा नमस्कार सांग आणि पुढच्या बैठकीला बोलावू नकोस. अरे, घड्याळात एकच वेळ पाळायला लोकांना रेल्वेने शिकवलं. त्याआधी प्रत्येक गाव आपल्या डोक्यावरचा सूर्य बघून घड्याळ लावायचं. इंग्लंडात ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली, तेव्हा ब्रिस्टल शहर दहा मिनिटं मागे होतं. तिथल्या कॉर्न एक्स्चेंज या जुन्या धान्यबाजाराच्या घड्याळाला अजून दोन मिनिटकाटे आहेत, एक गावाचा, एक लंडनचा. असल्या वस्तूला तुम्ही शोभेचं ताट करून टांगणार? चालू करा. तालमीला उशिरा येणाऱ्यांना ते दाखवता येईल, हा माझा स्वार्थ समज.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. तुमच्या नकाशात वेटिंग रूमच्या जागी 'ऑफिस व स्वागतकक्ष' लिहिलंय. तिथे मी अडलोय.

वेटिंग रूममध्ये बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, का बसलाय. गाडीची वाट बघत असेल, पाहुण्याची बघत असेल, घरी भांडून आला असेल. नाट्यगृहाच्या, गॅलरीच्या दारात मात्र आपल्यासारखे मुरलेले सोडले तर बहुतेक लोक बिचकतात. आपण इथले नाही, कपडे बरे नाहीत, काही विचारलं तर काय सांगायचं. त्याच माणसाला स्टेशनात शिरताना कधी असं वाटलं नव्हतं. तुम्हाला इमारतीबरोबर ही सवय फुकट मिळतेय, आणि तुम्ही तिथे टेबल टाकून 'काय काम आहे?' विचारणारा माणूस बसवणार.

उगाच गोडवे गात नाही. वेटिंग रूमही काही सगळ्यांना सारखी नव्हती. दक्षिण कोरियातल्या सोलचं जुनं स्टेशन १९२५ चं. तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्गाला वेगळी खोली, तिसऱ्याला वेगळी, बायकांना वेगळी. २००४ मध्ये गाड्या शेजारच्या नव्या इमारतीत गेल्या आणि २०११ पासून जुन्या स्टेशनात कलाकेंद्र आहे. नाव 'कल्चर स्टेशन सोल २८४'. २८४ हे त्या वास्तूच्या सरकारी यादीतल्या क्रमांकावरून आलंय. ज्या दारांवर वर्ग लिहिलेले असायचे त्यांतून आता कुणीही कुठेही जातं. तुमच्याकडेही भिंतीवर वर्गाची जुनी पाटी असेल तर पुसू नका. दार तेवढं उघडं टाका.

एका छोट्या स्टेशन-कलाकेंद्रात मी आठवडाभर कामाला होतो. वेटिंग रूम तशीच ठेवलेली, बाक, पंखा आणि प्लगचे दोन पॉइंट. एक पोरगा रोज दुपारी फोन चार्ज करायला यायचा. कुणाशी बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला शिडी धरायला माणूस हवा होता, तो जवळ होता, त्याला हाक मारली. चौथ्या दिवशी फोन चार्जिंगला लावून तो आपणहून शिडीपाशी येऊन उभा राहिला. शेवटच्या दिवशी दुसऱ्या अंकात एक दिवा चुकला, तेव्हा माझ्याआधी त्याने ओळखलं आणि लाइटवाल्याला कोपर मारलं. आता तिथे 'स्वागतकक्ष' असता, नाव-गाव-कामाचं स्वरूप लिहायची वही असती, तर त्याने वहीत काय लिहिलं असतं? 'चार्जिंग'?

ऑफिस स्टेशनमास्तरच्या खोलीत टाका. ती रिकामीच आहे, दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत, आणि तिथे बसलेल्या माणसाला आपोआप जबाबदारीची जाणीव होते म्हणतात.

पुढच्या महिन्यात चार दिवस काढून येतोय. तोवर तीन कामं कर. हॉलची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजून पाठव. अंदाज नको, तुझे अंदाज मला माहीत आहेत. तिकीट खिडकीच्या फळीवर कागद चिकटवून 'हात लावू नये' असं लिही. आणि रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभा राहून एक टाळी वाजव, फोनवर रेकॉर्ड कर आणि पाठव. पहिल्या टाळीला कबुतरं उडतील आणि सगळं रेकॉर्डिंग फडफडीने भरून जाईल. ती परत बसेपर्यंत थांब, मग दुसरी वाजव. पाठवताना मात्र दोन्ही पाठव.

तुझा,
साऊंडवाला