ब्लिट्झ सुधारायचे तर आधी घड्याळाचा आकडा बदला

महोदय,

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तो कोनेरू हम्पीविरुद्धच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या डावांत. ते जलद डाव १५ मिनिटे अधिक दर चालीला १० सेकंद असे होते. ब्लिट्झ म्हणजे मोजक्या मिनिटांचा डाव; त्याची जागतिक स्पर्धाही ३ मिनिटे अधिक २ सेकंद अशीच होते. आपली मुले मात्र मोबाइलवर दिवसाला वीस-वीस डाव खेळतात ते ३+० चे, म्हणजे वाढीव सेकंद नसलेले. जिंकत आलेला डाव घड्याळावर जातो, रेटिंग, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा आकडा, महिनोन्‌महिने हलत नाही, आणि पालकांना वाटते की मुलाला खेळच जमत नाही. खोट बहुतेक वेळा या निवडीत असते.

साधा हिशेब करू. ३+० मध्ये ४० चालींचा डाव धरला तर चालीला साडेचार सेकंद येतात. ३+२ मध्ये त्याच ४० चालींना एकूण २६० सेकंद, म्हणजे चालीला साडेसहा. फरक दोनच सेकंदांचा, पण ‘माझा कोणता मोहरा फुकट जातोय का’ हे एकदा बघायला तेवढे पुरतात. नवशिक्याने तर दोन-तीन महिने १०+५ सोडून दुसरे काही खेळूच नये. कमी वेळात खेळल्याने विचाराचा वेग वाढत नाही. आधी नीट पाहिलेल्या रचना पटकन ओळखता आल्या की तो आपोआप वाढतो.

वेळ नेमका कुठे जातो हे शोधणे अवघड नाही. बुद्धिबळाचे संकेतस्थळ लिचेस असो वा चेस.कॉम, डाव संपल्यावर प्रत्येक चालीला किती सेकंद लागले ते दिसते. हरलेले वीस डाव उघडून वहीत एवढेच लिहावे : वेळ संपला, मोहरा फुकट गेला की ओपनिंगमध्येच (डावाच्या सुरुवातीच्या चालींत) अडकलो. बहुतेकांची गळती दोन ठिकाणी सापडते. एक म्हणजे सक्तीच्या चाली. प्रतिस्पर्ध्याने आपला उंट मारला, मारणारा मोहरा परत मारण्याचा एकच मार्ग आहे, तरी तिथे सहा-सात सेकंद जातात. दुसरे म्हणजे सारख्याच बऱ्या दोन चालींमध्ये घुटमळणे. हत्ती डी१ या घरावर की ई१ वर, यात वीस सेकंद घालवून जे मिळते त्यापेक्षा शेवटच्या दहा चालींत जाते ते कितीतरी जास्त. ३+२ साठी पहिल्या दहा चालींना अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ देऊ नये आणि विसाव्या चालीला घड्याळात निदान दीड मिनिट उरलेले असावे. पंधरा सेकंदांचा लांब विचार डावात एकदा, फार तर दोनदा, आणि तोही जिथे मारामारी सुरू होते तिथे.

ओपनिंग एकच धरावी. पांढऱ्याकडून लंडन, काळ्याकडून पांढऱ्याच्या ई४ या पहिल्या चालीला कॅरो-कान, या दोन ओपनिंगवर बराच काळ निभावते. आठ चालींपर्यंत मोहरे कुठे बसतात आणि का, एवढे हाताला माहीत हवे. यूट्यूबवरचे सापळे पाठ करून पहिले पाच-सहा डाव जिंकता येतात, पुढे समोरच्यालाही ते माहीत असतात.

प्री-मूव्हबद्दल, म्हणजे समोरच्याची चाल होण्याआधीच आपली चाल लावून ठेवण्याबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण इथे फुकटचे नुकसान फार होते. लिचेसवर एकच प्री-मूव्ह देता येते आणि तिला वेळ लागत नाही. चेस.कॉमवर एकापुढे एक अनेक देता येतात, प्रत्येकीला दशांश सेकंद कापला जातो. म्हणून मुले ओपनिंगमध्येच जी६ आणि उंट जी७ अशा चाली आधीच लावून ठेवतात. आता बघा : पांढऱ्याचे डी४, काळ्याचे जी६, पांढऱ्याचा उंट थेट एच६ वर. तो उंट फुकट मारता आला असता. पण लावून ठेवलेली चाल खेळली जाते, काळ्याचा उंट जी७ वर येतो, पांढरा तो मारतो आणि कोपऱ्यातल्या हत्तीवर नेम धरून बसतो. त्या हत्तीला पळायला घरच नाही. दोन चालींत डाव गेला. परत मारण्याची सक्तीची चाल आणि शेवटच्या टप्प्यात राजाची निर्धोक चाल, एवढ्यापुरतीच प्री-मूव्ह ठेवावी.

शेवटचा टप्पा तर हातात बसलेलाच हवा. एकट्या राजाला वजिराने मात दहा सेकंदांत करता आली पाहिजे. आपला वजीर त्याच्या राजापासून घोड्याच्या चालीच्या अंतरावर ठेवून त्याला कडेला ढकलत न्यायचे. मात्र राजा कोपऱ्यात शिरला की तिथेच थांबायचे. काळा राजा एच८ वर असताना वजीर जी६ वर नेला आणि शह नसला तर स्टेलमेट, म्हणजे राजाला चालच उरत नाही आणि हातातला डाव बरोबरीत. त्याऐवजी वजीर ई७ वर ठेवावा. राजा जी८ आणि एच८ मध्ये येरझारा घालत राहतो, तोवर आपला राजा आणायचा. दोन हत्तींची मात, प्याद्याच्या शेवटात राजासमोर राजा आणणे, हेही रोज पाच मिनिटे घड्याळ लावून करावे. आणखी एक नियम अनेकांना ठाऊक नसतो : आपला वेळ संपला तरी समोर नुसता राजा उरला असेल तर डाव बरोबरीत सुटतो. वेळ संपत आला असेल तर त्याचे शेवटचे प्यादे मारण्यासाठी आपला हत्ती द्यावा लागला तरी द्यावा, अर्धा गुण वाचतो.

कोडी सोपी आणि भरपूर सोडवावीत. घोड्याचा दुहेरी मारा, पिन (मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे जागचा हलवता न येणारा मोहरा), शेवटच्या ओळीवरची मात, हेच प्रकार ब्लिट्झमध्ये पुन्हा पुन्हा येतात. किल्लेकोट केल्यावर एच३ खेळून राजाला एक खिडकी ठेवली नाही म्हणून हरलेले डाव मोजले तर पालक थक्क होतील.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये प्याद्याचा आपोआप वजीर होऊ द्यावा, चाल पक्की करण्याचा प्रश्न बंद ठेवावा, सूचनाही बंद ठेवाव्यात. लागोपाठ तीन डाव हरले की त्या दिवशी रेटेड, म्हणजे रेटिंगसाठी मोजले जाणारे, डाव नकोत.

शाळा आणि क्लब सुट्टीत ऑनलाइन स्पर्धा घेतात, त्यांना एक कळकळीची विनंती. स्पर्धा तयार करताना ३+० ऐवजी ३+२ निवडावे. ४० चालींच्या डावाची कमाल वेळ सहा मिनिटांवरून पावणेनऊच्या आसपास जाईल. नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेला सुमारे २४ मिनिटे जास्त लागतील. मुलांसाठी एवढी सवड काढावी.

– एक बुद्धिबळ प्रशिक्षक, सांगली