आता माझे नाव इंदूरच्या यादीत

लोकमान्य नगर, इंदूर

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितो. मतदार यादीतले माझे गावचे नाव आता इंदूरच्या यादीत आले आहे. तुम्हा दोघांची नावे गावीच आहेत आणि तिथेच राहतील. त्यांना मी हात लावलेला नाही.

बाबा, इतकी वर्षे चालले ते आता का चालेना, असे तुम्ही विचाराल. मतदार याद्यांच्या विशेष पुनरीक्षणाच्या, म्हणजे फेरतपासणीच्या वेळी गावच्या बीएलओंनी, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी, मला फोन करून राहता कुठे एवढेच विचारले, आणि मला खोटे बोलता आले नाही. एका माणसाचे नाव दोन याद्यांत ठेवता येत नाही, खोटे लिहून दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे सारे खरेच. पण मी भीतीपोटी हे केलेले नाही. गेली 19 वर्षे मी इथले पाणी पितो, इथला कर भरतो, आणि चिनू इथल्याच शाळेत जाते. 2024 साली इंदुरात मुख्य विरोधी पक्षाच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि 2 लाख 18 हजारांहून अधिक लोकांनी नोटाचे बटण दाबले, तेव्हा आमच्या कचेरीत जो तो आपण काय केले ते सांगत होता आणि मी एकटा गप्प होतो, कारण मी त्याच दिवशी गावी जाऊन बोटाला शाई लावून आलो होतो. ज्या शहरात माझा संसार आहे, त्या शहराविषयी मला मत नसावे, हे मनाला लागून राहिले.

तरीही एक सांगतो. नव्या अर्जाबरोबरच्या घोषणापत्रात 2003 च्या यादीतला तपशील मागितला होता. तेव्हा मला 18 पूर्ण झाली नव्हती, म्हणून वडिलांचा तपशील चालणार होता. मी ती जुनी यादी उघडली, तर शाळेच्या खोलीतल्या मतदान केंद्राच्या भागात बाबांचे नाव, त्याखाली आईचे, आणि तिच्यापुढे पतीचे नाव म्हणून पुन्हा बाबांचे. तो भाग क्रमांक आणि अनुक्रमांक उतरवून घेताना माझा हात थांबला. इंदूरच्या यादीत मी आलो तो तुमच्या गावच्या नोंदीचा आधार घेऊनच.

आई, मी लहान असताना शाईसाठी हट्ट धरून रडलो होतो, ते तुला आठवते ना? बाबा निवडणुकीच्या कामावर दुसऱ्या गावी गेले होते आणि तू मला कडेवर घेऊन रांगेत उभी होतीस. घरी आल्यावर तू काजळाच्या डबीत काडी बुडवून माझ्या बोटावर रेघ ओढलीस, आणि ती पुसू नये म्हणून मी रात्री डाव्या हाताने जेवू लागलो, त्यावरून आजीची किती बोलणी खाल्ली! ती रेघ मला अजून दिसते.

गावच्या मतदानासारखे मतदान मला इथे मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे नाव वाचण्याआधीच बाबांना पाहून पक्षाचा एजंट म्हणतो, ‘मास्साब आ गए.’ दुपारपर्यंत एखादे म्हातारे माणूस आले नाही, तर कोणी तरी पोराला पिटाळून तब्येत विचारून घेते. 2022 च्या पंचायतीला तुम्हाला ताप होता, तर तीन घरांतून विचारणा झाली होती. कोण आले हे साऱ्या गावाला कळते, कोणाला दिले हे मात्र पुठ्ठ्याच्या आडोशाआडच राहते. तुम्ही तिथे आहात तोवर ती विचारपूस तुमच्यासाठी होत राहील, म्हणूनच तुमची नावे इकडे आणण्याचा विचारही मी केला नाही.

आता माझे ऐका. सकाळी 7 वाजता मतदान सुरू होताच जा, पण चहा आणि बीपीची गोळी घेऊनच घराबाहेर पडा. वयस्कर माणसांना रांगेत थांबावे लागत नाही, तेव्हा बाबांनी ‘सगळ्यांसारखा उभा राहीन’ हा हेका धरू नये. बाबा, 2023 मध्ये 80 वर्षांवरील मतदारांना घरून मत देता येत होते, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात आणि मी गप्प बसलो. आता ती मर्यादा 85 आहे, आणि 2028 च्या विधानसभेपर्यंत तुम्ही 86 चे व्हाल. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून 5 दिवसांच्या आत घरून मत देण्यासाठीचा फॉर्म 12 घ द्यावा लागतो. तो मंजूर झाला की केंद्रावर मत देता येत नाही, म्हणून तेव्हा पाय कसे आहेत ते पाहूनच ठरवा. ठरवाल ते तुम्हीच ठरवा, पण मला सांगितल्याशिवाय नाही.

आई, डोळ्यांना चिन्हे दिसेनाशी झाली, तर सोबतीला माणूस नेता येतो. एक माणूस त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. तू बाबांना कोणाला मत दिलेस ते आजवर कधी सांगितले नाहीस, म्हणून शेजारच्या काकूंना आधीच विचारून ठेव. बाबांना नेलेस तरी हरकत नाही.

चिनूची परीक्षा संपली की आम्ही तिघे येतो. मतदान असो वा नसो, मी येतच राहीन. गुडघ्याचे तेल बसवाल्याजवळ दिले आहे, ते हाटपिपल्याला उतरवून घ्या.

तुमचा,
धाकटा