छानछौकी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ५ मे २०२५ रोजी झालेल्या मेट गालाचा सविस्तर वृत्तान्त आपल्या पुरवणीत वाचला. शाहरुख खान यांच्या गळ्यातील ‘के’ अक्षराच्या लोलकापासून दिलजीत दोसांझ यांच्या फेट्यापर्यंत कशालाही जागा कमी पडली नव्हती. ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने हा सोहळा झाला, त्या प्रदर्शनाचा विषय, म्हणजे अठराव्या शतकापासून आजपर्यंतचा कृष्णवर्णीयांचा पेहराव, मात्र एका ओळीत उरकला होता आणि त्या ओळीतही ‘छानछौकी’ असा शब्द होता. माझा आक्षेप या शब्दाला आहे.

छानछौकी करायची तर कपडे निवडण्याची मुभा आधी हवी. साउथ कॅरोलायनाच्या १७४० च्या कायद्यात गुलामांनी कोणते हलके कापड वापरावे याची यादीच दिलेली होती आणि त्याहून उंची वस्त्र अंगावर दिसल्यास ते जप्त करण्याचा अधिकार शिपायांना होता. पुढे १७८६ मध्ये, स्पेनच्या अमलाखालील न्यू ऑर्लिन्समध्ये, गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी हुकूम काढला की गुलामीतून मुक्त असलेल्या कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय स्त्रियांनी केसांत पिसे वा दागिने न माळता डोके रुमालाने बांधावे, म्हणजे त्यांची पायरी लोकांना दिसेल. त्या बायकांनी हुकूम तंतोतंत पाळला. फक्त रुमाल भडक रंगांचे निवडले, ते उंच बांधले आणि ज्या वस्त्राने त्यांना खाली दाखवायचे होते तेच मिरवायची वस्तू करून टाकले.

याच रुमालांच्या कुळातला एक रुमाल आपल्याकडचा. मद्रासच्या किनारपट्टीवर विणलेला सुती चौकडा युरोपीय कंपन्यांच्या जहाजांतून आधी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि मग कॅरिबियन बेटांवर गेला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भारतीय सुती कापड देऊन माणसे विकत घेतली जात, हेही याच व्यापारातले सत्य आहे. मार्टिनिक, ग्वादलूप, सेंट लुसिया व डॉमिनिका येथील पारंपरिक पोशाखात हा चौकडा आजही आहे आणि तेथे त्याचे नावच ‘मद्रास’ आहे. मी चाळीस वर्षे कापड विकले. असा चौकडा हातात घेतला की गिऱ्हाईक दोन बोटांत चुरगाळून पहिला प्रश्न विचारी, ‘रंग जातो का?’ जुन्या मद्रासचा रंग जायचाच, वनस्पतींच्या रंगांचा तो गुण होता. तो दोष मानायचा की ओळख, हे नेसणाऱ्यावर असते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी बोलले, तेव्हा लुगडे नेसण्याची ठरावीक पद्धत आणि अंगावरचे ठरावीक दागिने हीच अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसून टाका, असे त्यांनी सांगितले होते. सुटाबुटातील बाबासाहेबांना छानछौकीचे म्हणण्याची हिंमत आज कोणी करणार नाही. त्यांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिले ते अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसही पोशाखाच्या बाबतीत तितकेच काटेकोर होते. मग त्यांच्या समाजाच्या पेहरावाला आपण हा शब्द का लावावा?

पुरवणीत पुढे कधी जागा झाली तर तारे-तारकांऐवजी या रुमालावर एक लेख द्यावा, ही विनंती. कॅरिबियन बेटांवर तो बांधताना वर किती टोके काढायची याचा संकेत आहे: एक टोक म्हणजे मन मोकळे आहे, दोन म्हणजे ते कुणात तरी गुंतले आहे, तीन म्हणजे लग्न झाले आहे आणि चार म्हणजे तरीही प्रयत्न करून पाहायला हरकत नाही. छायाचित्र मात्र टोके मोजता येतील एवढे मोठे छापावे.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी