साल्हेरची वाट कोणत्या खात्याची?

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

दर जानेवारीत राज्याचं शिष्टमंडळ दावोसला जातं. करारांचे आकडे येतात, बर्फातले फोटो येतात. स्वित्झर्लंडमधलं ते दावोस समुद्रसपाटीपासून सुमारे १५६० मीटरवर आहे. आमच्या बागलाणातला साल्हेर किल्ला १५६७ मीटर. म्हणजे आल्प्समधल्या ज्या गावात आपले सहकारी गाडीने पोचतात, त्याच्याही थोडं वर आम्ही नाशिककर पायी जातो, आणि बऱ्याचदा चुकतमाकत जातो.

पुढच्या खेपेला जो कुणी जाईल त्याला एक काम सांगा. बैठकांमधून तासभर काढून गावाबाहेर चालत जायचं. बर्फातून चालण्याच्या वाटांवर गुलाबी पाट्या दिसतील. उन्हाळ्यात त्याच डोंगरांत पिवळ्या पाट्या असतात. साधी वाट असेल तर नुसती पिवळी. डोंगरवाट असेल, जिथे पाय घसरण्याचा धोका आहे, तिथे पांढरा-लाल-पांढरा पट्टा. आणि हिमनदी किंवा कातळ चढायची वेळ येणार असेल तर पांढरा-निळा-पांढरा. पट्टा बघितला की आपली पायरी कुठली ते माणसाला कळतं. शिवाय पाटीवर त्या जागेचं नाव, उंची आणि पुढच्या ठिकाणी पोचायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. किलोमीटर नाहीत, वेळ. हे ज्याने ठरवलं तो नक्कीच स्वतः चढलेला असणार. चढावरचे दोन किलोमीटर म्हणजे किती, हे पायाला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. अशा खुणा केलेल्या वाटा त्या एवढ्याशा देशात सुमारे ६५ हजार किलोमीटर आहेत.

हे कुणा हौशी मंडळाच्या मर्जीवर चाललेलं नाही. १९७९ मध्ये स्विस जनतेने मतदान करून पायवाटांची तरतूद थेट राज्यघटनेत घातली आणि १९८७ पासून त्याचा कायदा लागू झाला. प्रत्येक कॅन्टनने, म्हणजे त्यांच्याकडच्या राज्याने, आपल्या वाटांचे आराखडे करायचे, वाटा राखायच्या, खुणा करायच्या. रंगाचा डबा घेऊन फिरणाऱ्यांत स्वयंसेवक पुष्कळ, पण जबाबदारी सरकारची. त्यातली एक तरतूद मला फारच आवडते. एखादी वाट मोडली तर तिच्या बदल्यात दुसरी द्यावी लागते, आणि लांब पल्ल्यावर डांबर किंवा सिमेंट घातलं तर तीही वाट मोडल्यातच जमा! आपल्याकडे सिमेंट ओतलं की नारळ फुटतो.

आता साल्हेरकडे या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात नाशिक जिल्ह्यातला हा एकटा. १६७२ ची, मराठ्यांनी मोगलांना उघड्यावर हरवलेली लढाई याच्याच परिसरात झाली. कळसूबाईनंतर राज्यातलं सर्वांत उंच शिखरही हेच. माथ्यावर परशुरामाचं छोटं देऊळ, खाली गंगासागर तलाव, हवा स्वच्छ असली की मांगी-तुंगीचे सुळके समोर आणि पलीकडे डांगचं रान. गर्दी वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको.

किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. भोवतीचं जंगल वनखात्याचं. पायथ्याची गावं ग्रामपंचायतींची. पर्यटन आपलं. आणि पायथ्याच्या वाघांब्याहून साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीत चढणारी पायवाट? ती ढोरांनी पाडली, गावच्या पोरांनी चालती ठेवली. सरकारदरबारी तिचा जन्मदाखलाच नाही. त्यामुळे ती मोडली तर कुणाला विचारायचं, हे कुणालाच माहीत नाही.

खिंडीच्या अलीकडे या वाटेला ढोरवाटांचे फाटे फुटतात. भाद्रपदात गवत कमरेच्या वर जातं, त्यात धुकं उतरलं की दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही. दगडांवर ऑइलपेंटचे बाण आहेत, नाही असं नाही. एक लाल, एक पांढरा, आणि एक उलट्या दिशेचा, कारण तो कुणीतरी उतरताना काढला. कारवीच्या फांद्यांना बांधलेल्या प्लास्टिकच्या फिती वेगळ्याच.

चुकलेला माणूस रेंज मिळाली तर फोन करतो. पलीकडचा विचारतो, कुठे आहात? उत्तर येतं, मोठा दगड आहे, एक झाड आहे, समोर दरी आहे. नाशिक जिल्ह्यात या वर्णनात न बसणारी डोंगरावरची एखादी जागा दाखवा! मग गिर्यारोहण संस्थांची मुलं दिवसभराची नोकरी करून रात्री दोर घेऊन निघतात, गावकरी टॉर्च घेऊन पुढे होतात, आणि निम्मा वेळ माणूस शोधण्यात जातो. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ पासून रेगाची हवाई बचाव सेवा आहे, १४१४ फिरवला की हेलिकॉप्टर निघतं. मी हेलिकॉप्टर मागत नाही. मी प्रत्येक फाट्यावर एक आकडा मागतोय. साल्हेर ७, साल्हेर ८. त्या आकड्यांची अक्षांश-रेखांशांसह यादी ११२ च्या नियंत्रण कक्षात, तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आणि बचाव पथकांकडे असावी, एवढंच.

सध्याची पद्धत अशी की पावसाळ्यात एखादा जीव गेला की बंदीचा आदेश निघतो. चार शनिवार पोलीस उभे राहतात, पाचव्या शनिवारी लोक मागच्या वाटेने चढतात. मागची वाट बहुधा जास्त वाईट असते. २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, चांगलं झालं, पण त्याचा रोख ट्रेक नेणाऱ्या संस्थांवर आहे. रील पाहून चपला घालून हरिहर किल्ल्यावर आलेल्या चार मित्रांना ते धोरण भेटतच नाही. हरिहरचा तो खोबण्यांचा जिना तर एकपदरी आहे. चढणारे आणि उतरणारे मधोमध समोरासमोर आले की दोघांनाही जागा नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातल्या किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून तोडल्या, या पायऱ्या मात्र वाचल्या. पायथ्याला पांढरा-लाल-पांढरा पट्टा, लागणारा वेळ आणि पावसात कातळ कसा निसरडा होतो याचं एक वाक्य असतं, तर त्या चार मित्रांतला निदान एक तरी खालीच थांबला असता.

आमच्यातलेच काही जुने ट्रेकर यावर नाक मुरडतील. पाट्या लावून डोंगराची बाग करू नका, म्हणतील. त्यांचं एक खरं आहे: अलंग-मदन-कुलंगसारख्या अवघड किल्ल्यांना हात लावू नये. तिथे वाटाड्या आणि दोर घेऊनच जावं. पण त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगराचं बघा. तिथल्या पठारावर अंजनेरीचंच नाव मिळालेलं कंदीलपुष्प उगवतं, जगात फार थोड्या जागी सापडणारं. ठळक वाट नसली की माणसं पठारभर पांगतात आणि पाय नेमके त्याच्यावर पडतात. खुणेची वाट झाडालाही हवी असते.

रोपवेबद्दलही बोलून टाकतो, कारण अंजनेरी-ब्रह्मगिरी रोपवेची चर्चा अधूनमधून उठते आणि उत्तर म्हणून स्वित्झर्लंडचंच नाव घेतलं जातं. तिकडे केबलगाड्या भरपूर आहेत, खरं आहे. सप्तशृंगगडावरच्या ट्रॉलीने म्हाताऱ्या माणसांची सोय झाली, हेही खरं. पण तिकडे केबलगाडीतून उतरलेल्या माणसाच्या पायाखाली खुणेची वाट असते. आपल्याकडे वाट नाही आणि पाळणा आधी टांगायचा विचार!

खर्चाचं म्हणाल तर दगडाचे खांब, रंग आणि मजुरी. वाघांबे, साल्हेरवाडीच्या पोरांना पावसाळ्यानंतर गवत कापायला आणि खांब तपासायला रोजगार द्या. ज्यांना वाट पाठ आहे तेच ती राखतील. किल्ल्याच्या दरवाजांना आणि कोरीव पायऱ्यांना रंग लावायचा नाही, खुणा फक्त बाहेरच्या वाटेवर. साल्हेर झालं की ब्रह्मगिरीची फेरी घ्या. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्या वाटेवर रात्रभर माणसांची रांग असते आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे.

वनखातं, पुरातत्त्व आणि ग्रामपंचायत यांना एका टेबलाशी बसवणं आमच्या हातात नाही, आपल्या आहे. वाघांब्याच्या वाटेवरचे फाटे आम्ही काही जणांनी जीपीएसवर टिपून ठेवले आहेत. बैठकीची तारीख कळवा, नकाशा मोठा छापून आणतो.

आपला,
नाशिकचा एक डोंगरभटक्या